डीव्हीडी केली म्हणजे काम झाले, असे नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरोघरच्या लग्नामुंजीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींबद्दल टिपण आले होते. ‘जवळच्या स्टुडिओतून डीव्हीडी करून घ्या, कायमची सोय होईल’ असा सल्ला त्याच्या शेवटी दिला होता. कॅसेट वेळेत उतरवून घ्यावी, हे अगदी खरे. ‘कायमची सोय’ हे मात्र मान्य करता येत नाही. बाजारात डीव्हीडी म्हणून जे मिळते ते एकाच प्रकारचे नसते. दिसायला सारख्या पाच-सहा जातींच्या चकत्या असतात. त्यांची घडण वेगळी, टिकण्याची मुदत वेगळी आणि कुठल्या यंत्रावर चालतील तेही वेगळे. जात चुकली किंवा लिहिण्याची पद्धत चुकली, तर काही वर्षांनी पडद्यावर ‘नो डिस्क’ एवढेच दिसते, आणि तोवर मूळ कॅसेट टाकून दिलेली असते. हे टाळता येते, म्हणून हे पत्र. लांबले आहे खरे, पण यातला तपशील गाळला तर वाचकाच्या हाती काही लागणार नाही.

दुकानात ‘कोरी डीव्हीडी द्या’ म्हटले की बहुधा डीव्हीडी-आर हाती येते. बोलताना तिला ‘मायनस’ म्हणतात. कधीकधी डीव्हीडी+आर, म्हणजे ‘प्लस’, मिळते. ही दोन घराणी कंपन्यांच्या भांडणातून निर्माण झाली. मायनस ही पायोनिअरची, १९९७ सालची. तिला डीव्हीडी फोरम या मंडळाची मान्यता होती. फिलिप्स, सोनी, एचपी, रिको, यामाहा, मित्सुबिशी वगैरे कंपन्यांनी वेगळी चूल मांडली आणि २००१ मध्ये प्लस आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी), २००२ मध्ये प्लस आर (एकदाच लिहिता येणारी) बाजारात आणली. पॅनासॉनिक, हिताची आणि तोशिबा यांचा भर डीव्हीडी-रॅम या तिसऱ्याच, पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या जातीवर होता. २००२ च्या अखेरीस सोनीने प्लस आणि मायनस दोन्ही लिहिणारा रायटर, म्हणजे डिस्क लिहिण्याचे यंत्र, काढला. पुढे सगळ्यांनीच तसे रायटर केले आणि लिहिण्यापुरते हे भांडण मिटले. आज कुठलाही रायटर दोन्ही लिहितो. वाचणाऱ्या जुन्या प्लेअरचे मात्र तसे नाही.

कोऱ्या चकतीवर आधीपासून एक सर्पिल खाच असते. ती सरळ नसून किंचित नागमोडी असते, आणि आपण चकतीवर नेमके कुठे आहोत हे लेझरला तिच्यावरून कळते. मायनसमध्ये हा पत्ता खाचांच्या मधल्या पट्टीवर कोरलेल्या बारीक खुणांत असतो. प्लसमध्ये तो नागमोडीतच गुंफलेला असतो आणि नागमोडी बरीच दाट असते. त्यामुळे लिहिताना थांबून त्याच जागेवरून पुढे जोडणे प्लसला सोपे जाते. रचना म्हणून प्लस सरस आहे, हे मी निःशंकपणे म्हणेन. पण घरी ज्याच्यासाठी डिस्क बनवतो त्याच्या प्लेअरला या सरसपणाशी देणेघेणे नसते. २००३ च्या आधीचे बरेच प्लेअर डिस्कच्या सुरुवातीला नोंदलेला प्रकार वाचतात आणि तो ओळखीचा नसेल तर डिस्क नाकारतात. अशा प्लेअरवर मायनस चालण्याची शक्यता अधिक.

प्लसमध्ये यावर एक उतारा आहे. लिहिण्याआधी रायटरला सांगून डिस्कची ही नोंद ‘डीव्हीडी-रॉम’ अशी करता येते. तिला बुक टाइप बदलणे म्हणतात. मग जुन्या प्लेअरला ती कारखान्यात छापलेली डिस्क वाटते. ही सोय मायनसमध्ये नाही, आणि प्लससाठीसुद्धा प्रत्येक रायटर ती देत नाही. इमगबर्नसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळे बटण आहे. तेवढी खटपट करायची नसेल तर नातेवाइकांना देण्यासाठी मायनस घ्या आणि प्लस-मायनसचा विचार तिथेच सोडा.

क्षमतेत एक छोटा फरक आहे आणि तो नेमका नको तेव्हा अडवतो. मायनसवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, प्लसवर ४,७०,०३,७२,९९२. म्हणजे प्लस सुमारे ६.९ मेगाबाइटने लहान. मायनसच्या मापाने काठोकाठ भरलेली इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या मजकुराची एकच फाइल, प्लसवर जात नाही. संगणकावर ४.७ जीबीची डिस्क ४.३८ दिसते म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. मोजण्याची एकके दोन आहेत, माल तोच आहे. तसेही डिस्क काठोकाठ भरूच नये. सर्वाधिक चुका बाहेरच्या काठाशी होतात, बोटांचे ठसेही तिथेच पडतात. संगणकाच्या मापाने ४.२ पर्यंत भरून थांबावे.

ज्यावर लिहिलेले पुन्हा पुसता येते त्या आरडब्ल्यू डिस्क राखून ठेवण्याच्या कामाच्या नाहीत. त्यात रंगाच्या थराऐवजी मिश्रधातूचा थर असतो आणि लेझर त्याची अवस्था बदलतो. कंपन्या १००० वेळा पुन्हा लिहिता येईल असे सांगतात. परावर्तन मात्र कमी असते. आर डिस्क ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू १८ ते ३० टक्केच, त्यामुळे जुने प्लेअर ती ओळखत नाहीत. शिवाय घरातल्या कुणी ‘इरेज’ दाबले की सारे गेले. आरडब्ल्यूचा योग्य उपयोग तालमीसाठी. मेनू नीट बनला का, प्लेअरवर आवाज येतो का, हे तिच्यावर पाहावे आणि मग खऱ्या डिस्कवर लिहावे. डीव्हीडी-रॅम या सगळ्यांत सर्वांत दणकट, एक लाख वेळा लिहिता येणारी. पण ती वाचणारे प्लेअर आपल्याकडे कधी फारसे आलेच नाहीत, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

साडेआठ जीबीची, दोन थरांची डिस्कही टाळा. वरच्या थरातून आरपार जाऊन लेझरला खालच्या थरावर लिहावे लागते. थर बदलतो त्या जागी जुने प्लेअर अडखळतात किंवा तिथेच थांबतात. एका दोन-थरी डिस्कपेक्षा दोन साध्या डिस्क केव्हाही बऱ्या. सीमांतपूजन आणि हळद एका डिस्कवर, लग्न आणि वरात दुसऱ्या डिस्कवर अशी वाटणी केली की पाहणाऱ्याचीही सोय होते.

आता स्टुडिओत काय सांगायचे ते. प्लेअरवर चालायची डिस्क हवी असेल तर ‘डीव्हीडी व्हिडिओ’ असे स्पष्ट म्हणावे. त्यात व्हिडिओ_टीएस नावाचे फोल्डर असते आणि चित्र एमपेग-२ पद्धतीचे, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल प्रणालीनुसार ७२० गुणिले ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेमचे असते. काही ठिकाणी एमपी४ फाइलच डिस्कवर टाकून देतात. ती संगणकावर चालते, जुन्या प्लेअरवर नाही, आणि मग ‘डिस्क खराब निघाली’ अशी तक्रार होते. डिस्क ठीकच असते, तिच्यावरचा मजकूर त्या प्लेअरसाठी नसतो.

दुसरे, एका डिस्कवर किती वेळाचे चित्रण टाकले ते विचारावे. एक तास असेल तर प्रत्येक सेकंदाच्या चित्रणाला ८-९ मेगाबिट जागा मिळते आणि चित्र स्वच्छ राहते. दोन तासांना सुमारे ५ उरतात, तेही चालून जाते. चार तास कोंबले तर जेमतेम अडीच मिळतात. मग अक्षता पडताना, वरातीतल्या नाचात, झगमगत्या शालूवर चौकटी उमटतात. ही खराबी नंतर कुठल्याही उपायाने जात नाही, कारण तपशील टाकूनच दिलेला असतो.

म्हणून डीव्हीडी ही पाहण्याची प्रत आहे, जपण्याची नव्हे. कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल स्टुडिओकडून वेगळी मागून घ्यावी. मिनी डीव्ही, म्हणजे हँडिकॅमची छोटी डिजिटल कॅसेट असेल तर ती फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडण्याच्या खास वायरने), जशीच्या तशी उतरवायला सांगावी. एका तासाला सुमारे १३ जीबी होतात. ही फाइल साध्या डीव्हीडीवर मावत नाही म्हणून स्टुडिओवाले ती आवळतात आणि मूळ पुसून टाकतात. नुकसान तिथे होते. व्हीएचएस, म्हणजे व्हीसीआरची मोठी कॅसेट असेल तर उतरवताना जी पहिली फाइल बनते ती मागावी. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसत असेल, कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत ती हमखास दिसते, तर ती आपल्या व्हीसीआरमध्ये घालून पाहू नये. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. आधी स्वच्छ करणाऱ्याकडे द्यावी. आणि उतरवून झाल्यावरही कॅसेट टाकू नये.

जपण्याच्या प्रतीसाठी माझे ठाम मत ब्ल्यू-रे आर, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीची, एकदाच लिहिता येणारी, एक थराची २५ जीबीची डिस्क, तीही एचटीएल जातीची. कारण तिच्या थरात आहे. डीव्हीडी-आर असो की +आर, दोन्हीत सेंद्रिय रंगाचा थर असतो. उष्णता, दमट हवा आणि ऊन यांनी तो हळूहळू बदलतो. शिवाय डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या डिंकाने जोडून बनते. सतत दमट हवेत कडेने तो जोड सुटू लागतो, आत ओल शिरते आणि चकाकणारा धातूचा थर गंजतो. काठाकडून आत सरकणारे डाग दिसले की समजावे. एचटीएल ब्ल्यू-रेमध्ये रंग नसून अकार्बनी थर असतो. काही कंपन्यांचा तांबे आणि सिलिकॉनचा, काहींचा धातूच्या इतर मिश्रणाचा. तो उन्हाने फिका पडत नाही. मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट मूळ स्वरूपात तिच्यावर मावते. दोन कॅसेटी मात्र मावत नाहीत, २६ जीबी होतात. तो हिशेब आधीच करावा.

ब्ल्यू-रेमध्येही एक फसगत आहे. एलटीएच नावाची स्वस्त जात निघाली होती. तिच्यात पुन्हा तोच सेंद्रिय रंग, जुन्या डीव्हीडीच्या कारखान्यांत बनवता यावी म्हणून. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘एलटीएच टाइप’ छापलेले असते. वाचायची बाजू सोनेरी-पिवळसर दिसली तर एलटीएच, गडद करडी किंवा तपकिरी दिसली तर एचटीएल. एलटीएच फुकट मिळाली तरी जपण्यासाठी घेऊ नये.

फार काळ टिकण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एम-डिस्कची जाहिरात १००० वर्षांची आहे. तो आकडा कंपनीचा आहे आणि जलद जीर्ण करणाऱ्या चाचण्यांवरून काढलेला आहे. तिचाही थर अकार्बनी आहे. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्राने २००९ मध्ये ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता आणि प्रखर प्रकाश अशा कसोटीला डीव्हीडी लावल्या, तेव्हा एम-डिस्क टिकली आणि इतर टिकल्या नाहीत. फ्रान्सच्या एलएनई या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या कडक चाचणीत मात्र ती इतर प्लॅस्टिकच्या डिस्कांहून सरस ठरली नाही. काचेची डिस्क तेवढी टिकली. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ लागतो. लिहायचा थर कितीही चिवट केला तरी भोवतीचे प्लॅस्टिक आणि डिंक ओलीला शरण जातात. तरीही एम-डिस्क डीव्हीडी घ्यायचीच असेल तर रायटरवर एम-डिस्कची खूण आहे का पाहावे, कारण तिला जास्त ताकदीचा लेझर लागतो. ब्ल्यू-रे एम-डिस्क बहुतेक ब्ल्यू-रे रायटरवर लिहिता येते. साध्या चांगल्या एचटीएलपेक्षा दर बराच जास्त असेल तर त्या पैशांत दोन एचटीएल प्रती करून एक दुसऱ्या गावी भावंडाकडे ठेवावी.

नाव पाहून डिस्क घेतली तरी आतला माल कुणाचा, हे वेष्टनावरून कळत नाही. एकच ब्रँड वेगवेगळ्या कारखान्यांतून माल घेतो. नोएडाची मोझर बेअर एके काळी कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत होती. ती २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मोडीत निघाली. चांगल्या डीव्हीडीसाठी जाणकार जिचे नाव घेत ती जपानची तैयो युडेन २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. त्यामुळे आज दुकानात पडून असलेला जुना साठाही असू शकतो. ५० किंवा १०० चा डबा घेण्याआधी १० चा घ्यावा. त्यातली एक डिस्क रायटरमध्ये घालून इमगबर्नच्या उजव्या चौकटीत दिसणारा कारखान्याचा सांकेतिक क्रमांक लिहून ठेवावा आणि पुढचा डबा घेताना तोच आहे का पाहावे.

लिहिण्याची पद्धत. लॅपटॉपमध्ये आता रायटर नसतो, त्यामुळे बाहेरून लावायचा पातळ यूएसबी रायटर घ्यावा लागतो. जुना यूएसबी-२ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. लिहिताना रायटरला मध्येच याहून जास्त लागतात, आणि मग ८०-९० टक्क्यांवर ‘राइट एरर’ येऊन डिस्क वाया जाते. पुष्कळ लोक अशा वेळी डिस्कला दोष देतात. रायटर यूएसबी-३ पोर्टला किंवा स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या हबला लावावा. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागच्याला लावावा, लांब जोडवायर वापरू नये. जिथे वीज जाते-येते तिथे लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण चार्ज असताना किंवा यूपीएसवर लिहावे. मधेच वीज गेली तर एकदाच लिहिता येणारी डिस्क गेलीच.

फाइली आधी संगणकाच्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये आणाव्यात. पेनड्राइव्हवरून थेट लिहू नये. नावे इंग्रजी अक्षरांत, छोटी, पुढे वर्ष-महिना-दिवस अशी तारीख टाकून ठेवावीत. जुन्या पद्धतीच्या नोंदीत ६४ अक्षरांनंतर नाव कापले जाते आणि देवनागरी नावे काही प्लेअरवर चौकोनी दिसतात. एखादी फाइल ४ जीबीहून मोठी असेल तर फाइल प्रणाली यूडीएफ निवडावी. विंडोजमध्ये डिस्क घातल्यावर प्रश्न येतो, ‘पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी?’ नेहमी दुसरे उत्तर द्यावे. पहिल्या पर्यायाने केलेली डिस्क दुसऱ्या संगणकावर किंवा प्लेअरवर उघडेलच असे नाही.

वेग. तो ‘एक्स’च्या पटीत मोजतात. वेष्टनावर १६ एक्स छापलेली डीव्हीडी ८ एक्सवर लिहावी, आठ-नऊ मिनिटे लागतात. १६ एक्सने तीनेक मिनिटे वाचतात, पण काठाकडे चुका वाढतात. ‘जितके हळू तितके पक्के’ हा समजही खरा नाही. आजच्या डिस्कचा रंग वेगवान लेझरसाठी बनवलेला असतो. १ किंवा २ एक्सचा हट्ट धरला तर उलट वाईट लिहिले जाते, आणि बरेच रायटर तो वेग देतही नाहीत. ब्ल्यू-रे ४ एक्सवर लिहिली की २५ जीबीला सुमारे २३ मिनिटे लागतात. सगळे एकाच बैठकीत लिहून डिस्क बंद करावी. आज थोडे, उद्या थोडे असे तुकड्यांत लिहिले तर जागा वाया जाते आणि जुने प्लेअर पहिलाच तुकडा दाखवतात.

‘व्हेरिफाय’ची खूण कधीही काढू नये. त्याला लिहिण्याइतकाच वेळ लागतो, पण लिहिलेले परत वाचून मुळाशी ताडले जाते. ते झाल्यावर डिस्क दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या, पूर्ण कॉपी करून पाहावी. लिहिणाऱ्या रायटरला स्वतःचे अक्षर कळते, दुसऱ्यालाही कळले तर काम पक्के. ज्यांना थोडे पुढे जायचे आहे त्यांनी डीव्हीडिझास्टर हा फुकट प्रोग्रॅम वापरावा. डिस्कवर १५ ते २० टक्के जागा सोडली की तो दुरुस्तीची माहिती तिथेच भरतो. पुढे काही भाग वाचता आला नाही तरी त्यावरून तो पुन्हा उभा करता येतो.

डीव्हीडी हँडिकॅम ज्यांनी घेतले होते त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. साधारण २००४ ते २००९ च्या सुमारास घेतलेल्या या कॅमेऱ्यांत ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क असतात, १.४ जीबीच्या, चांगल्या दर्जात २० मिनिटे आणि साध्या दर्जात ३० मिनिटे मावणाऱ्या. त्यावर चित्रण केल्यानंतर कॅमेऱ्यातच ‘फायनलाइज’ करावे, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी डिस्क बंद करावी लागते. ते केले नसेल तर प्लेअरला आणि संगणकाला डिस्क कोरी दिसते. बारशाचे चित्रण असलेली डिस्क घरात ‘रिकामी’ म्हणून पडून असते ती यामुळे. विंडोज अशा डिस्कला ‘फॉरमॅट करू का?’ विचारते. तिथे ‘नाही’ म्हणावे आणि डिस्क बाहेर काढावी. कॅमेरा चालू असेल तर बॅटरीवर विसंबू नये, अॅडॅप्टर लावूनच फायनलाइज करावे आणि पूर्ण होईपर्यंत हलवू नये. चित्रण थोडे असेल तर वेळ जास्त लागतो, कारण उरलेली किमान जागा यंत्राला भरून काढावी लागते. घाबरून मध्येच बंद करू नये. कॅमेरा मेला असेल तर आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम संगणकाच्या रायटरमधून अशी अर्धवट डिस्क वाचू शकतो. आणि ज्या यंत्रात डिस्क नुसती फटीतून आत ढकलतात, गाडीतला प्लेअर किंवा काही लॅपटॉप, त्यात ही छोटी डिस्क कधीही घालू नये. ती आत अडकते.

ठेवण्याबद्दल. प्रत्येक डिस्क स्वतंत्र कडक डबीत, उभी ठेवावी. प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्यांचे अल्बम दमट हवेत डिस्कला चिकटतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले लाकडी कपाट पावसाळ्यात ओल धरते. आतल्या भिंतीचे लोखंडी कपाट बरे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि रंग बदलला की बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या त्या कप्प्यात अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने डबीचे पारदर्शक प्लॅस्टिक मऊ पडते. एसी खोलीतून दमट खोलीत आणलेली डिस्क लगेच यंत्रात घालू नये, अर्धा तास थांबावे.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. वजनाचा तोल जातो, कडा सुटली तर प्लेअरमध्ये अडकते. बॉलपेनही नको. सीडीमध्ये माहितीचा थर लेबलच्या बाजूला, पातळ वार्निशाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून टोचले की सीडी संपते. डीव्हीडीत तो मधोमध असतो, ब्ल्यू-रेत वाचायच्या बाजूपासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर. म्हणून सीडी वरून जपायची आणि ब्ल्यू-रे खालून. लिहायचे तर पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. पुसायचे तर मऊ सुती कापडाने, मधून काठाकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसले आणि ओरखडा उमटला तर तो खाचेच्या दिशेने जातो, आणि तसा ओरखडा यंत्राला भरून काढता येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत कपाट निघतेच, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी काही डिस्क पूर्ण कॉपी करून पाहाव्यात. वाचण्याचा वेग मध्येच कोसळत असेल, यंत्र घरघर करत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल, तर डिस्क अजून मेलेली नाही पण वाटेवर आहे. त्याच दिवशी नवी प्रत करावी. २००५-१० च्या काळात स्टुडिओने दिलेल्या लग्नाच्या डीव्हीडी घरी असतील तर त्यांची तपासणी पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

आता हार्ड डिस्क आणि क्लाउड असताना चकत्या कशाला, असे कुणी विचारेल. हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवावीच. पण हार्ड डिस्क पडते, बिघडते, व्हायरस तिच्यावरचे सगळे कुलूपबंद करतो. एकदा लिहून बंद केलेली डिस्क व्हायरसला बदलता येत नाही. म्हणून हार्ड डिस्कवर एक, ब्ल्यू-रेवर एक आणि ब्ल्यू-रेचीच दुसरी प्रत वेगळ्या घरात, अशी वाटणी मला योग्य वाटते. पाहण्यासाठी डीव्हीडी-आर हवी तेवढी वाटावी.

हा मार्ग धरायचा असेल तर उशीर मात्र परवडणारा नाही. पॅनासॉनिकने २०२३ च्या फेब्रुवारीत लिहिण्याच्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणे बंद केले. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत ब्ल्यू-रे, मिनीडिस्क आणि मिनी डीव्ही कॅसेट तिन्हींचे उत्पादन थांबवले. डिस्क अजून मिळतात, पण बनवणारे हात कमी होत आहेत. ब्ल्यू-रे रायटर आणि डिस्क एकाच वेळी घ्यावेत, रायटर डबीत बंद न ठेवता दर दोन-तीन महिन्यांनी एखादी डिस्क वाचायला लावावा, आणि मिनी डीव्ही कॅसेटी घरात असतील तर त्या वाचणारा कॅमेरा चालू आहे तोवरच उतरवून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी